निकाह : कागद नव्हे, करार

‘दोघे अनेक वर्षे एकत्र राहतात, एकमेकांशी एकनिष्ठ आहेत, मग निकाहने अधिक काय मिळणार?’ हा प्रश्न आता आपल्या घरांतील शिकलेली मुलेमुलीही विचारू लागली आहेत. ‘हे हराम आहे’ एवढेच सांगून आपण थांबलो, तर हुकूम बरोबर सांगितला जातो. पण त्यामागील हिकमत विचारणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की निकाह कागदाने होत नाही. साक्षीदारांसमोर झालेला ईजाब आणि कबूल म्हणजे निकाह. निकाहनामा ही त्याची नोंद होय. पवित्र कुरआनने सूरह निसाच्या २१व्या आयतीत या बंधनाला ‘मीसाके गलीज’, म्हणजे भक्कम करार, असे संबोधले आहे. सूरह रूमच्या २१व्या आयतीत पती-पत्नीमधील शांती, प्रेम व दया या अल्लाहच्या निशाण्या सांगितल्या आहेत. इस्लाम प्रेमाला नाकारत नाही. तो प्रेमाला जबाबदारीची जोड देतो. उलट, सूरह माइदाच्या ५व्या आयतीत गुप्त संबंधांपासून दूर राहण्याची ताकीद आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कबूल म्हणताच पुरुषावर मेहर आणि पत्नीचा नफका, म्हणजे अन्न, वस्त्र व निवारा, वाजिब होतो. मेहर ठरवायचा राहिला, तरी निकाह होतो आणि स्त्रीला मेहरे-मिस्लचा हक्क मिळतो. संततीचा नसब निर्विवाद ठरतो. पतीच्या निधनानंतर त्याला संतती नसल्यास पत्नीला मालमत्तेचा चौथा, संतती असल्यास आठवा हिस्सा मिळतो. बारा वर्षे सोबत राहिलेल्या, पण निकाह न झालेल्या स्त्रीला यातील एकही हिस्सा नाही. देशाच्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने अशा स्त्रीला काही संरक्षण दिले आहे, हे खरे. तथापि, सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या निकालात त्यासाठी अटी सांगितल्या : दोघे विवाहास पात्र असावेत, पुरेसा काळ एकत्र राहिलेले असावेत आणि समाजात पती-पत्नीप्रमाणे वावरलेले असावेत. म्हणजे दुःखाच्या घडीला तिनेच आपले नाते सिद्ध करीत बसायचे!

‘निकाह केला आणि पटले नाही, तर अडकून पडू,’ अशीही भीती असते. परंतु शरीअतने तलाक व खुलाअ यांचा मार्ग ठेवला आहे. फरक एवढाच की त्या दाराला उंबरठा आहे : मेहरचा हिशेब, इद्दत, त्या काळातील खर्च, मुलांचे पालनपोषण. उंबरठा नसलेल्या घरातून बलवान सहज निघून जातो; दुर्बल मात्र उघड्यावर पडतो.

तरीही सारा दोष तरुणांवर ढकलणे न्यायाचे नाही. हुंडा, महागडे सभागृह, शेकडोंची मेजवानी आणि कर्ज यांमुळे हलाल मार्ग आपणच अवघड केला. आदरणीय पैगंबर (स.) यांनी एका निर्धन सहाबींना मेहरसाठी लोखंडाची अंगठी तरी शोधण्यास सांगितले, तीही मिळाली नाही, तेव्हा त्यांना येत असलेल्या कुरआनच्या आधारे निकाह लावून दिला. सूरह नूरच्या ३२व्या आयतीत अविवाहितांचे निकाह करून देण्याचा आदेश संपूर्ण समाजाला आहे. मशिदीत नमाजनंतर साधेपणाने निकाह होऊ शकत असताना लोकलज्जेपोटी तो वर्षानुवर्षे लांबवणे, हा आपलाही अपराध आहे.

जे आधीच एकत्र राहत आहेत, त्यांच्यासाठी तौबाचे दार खुले आहे. त्यांनी ते राहणे थांबवावे, अल्लाहकडे क्षमा मागावी आणि विलंब न लावता निकाह करावा. कोकणातील शाफई कुटुंबांत मुलीच्या वलीशिवाय निकाह होत नाही. हनफी मस्लकात सज्ञान स्त्रीच्या संमतीला अधिक वाव असला, तरी वलीचा सहभाग पसंत केला आहे. म्हणून आपल्या मस्लकाच्या जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा. आईवडिलांनीही परतणाऱ्या लेकरांचा गतकाळ चारचौघांत उगाळू नये. पाप झाकणे ही दीनचीच शिकवण आहे. रागाने दार बंद केले, तर ती दोघे पुन्हा त्याच खोलीत जातील. दार उघडले, तर काझीसमोर येतील.

अल्लाह आपल्या मुलांसाठी निकाह सुलभ करो आणि आपल्या घरांत सुकून नांदो. आमीन.