वीतभर अंतर

सातारा, रविवार

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. गिटारच्या आधी मला महामार्गावर गिअर बदलणारा ट्रक ऐकू आला, मग शेजारच्या कुकरची शिट्टी, आणि सबंध गाण्याखाली आपल्या पुण्यातल्या वारज्याच्या फ्लॅटमधला फ्रिज. त्या घरात मी अठरा वर्षं काढली आहेत, त्याचा सूर मी झोपेतही ओळखेन. पत्राच्या शेवटी तू विचारतोस, ‘वीस हजारांत कोणता माइक घेऊ?’ सध्या कुठलाच नको.

मी तुझ्या वयाचा नव्हतो तरी हीच चूक केली होती. महागडा कंडेन्सर माइक आणून हॉलच्या मधोमध मांडला. गिटार स्वच्छ आली आणि वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची त्याहून स्वच्छ आली. माइक चांगला असला की तो खोलीही चांगली ऐकतो. हे मी पैसे मोजून शिकलो, तू फुकटात शीक.

आधी हॉल सोड. त्या फरशीवर आणि कोऱ्या भिंतींवर टाळी वाजवून बघ, कशी झणझणते. मागच्या खोलीत जा, कपड्यांचं कपाट सताड उघड आणि त्याच्याकडे पाठ करून बस. बाजूला दोरीवर रजई टाक. यानं घुमणं कमी होईल, बाहेरचा आवाज मात्र थांबणार नाही; या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून ट्रक अडत नाही. त्यासाठी खिडकी लाव आणि तुझ्या साध्या कार्डिऑइड माइकची पाठ खिडकीकडे कर, कारण त्याला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. फ्रिज बंद करशील तेव्हा घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे बाहेर पडताना तो पुन्हा चालू करायचं आठवेल. नाहीतर रात्री दूध नासलेलं असेल आणि आईचा फोन मला येईल. गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळ सोडूनच दे.

आता अ‍ॅकॉस्टिक. तू माइक थेट भोकासमोर धरला होतास, म्हणून सगळं ढबढब वाजतंय. खालचे सूर तिथेच उसळतात, शिवाय कार्डिऑइड माइक जवळ नेला की खर्ज आणखी फुगतो. बाराव्या फ्रेटच्या समोर, साधारण एक वीत अंतरावर ठेवून बघ. तारांची चमक हवी असेल तर मानेकडे सरकव, लाकडाचा भरीवपणा हवा असेल तर थोडा पोटाकडे. कानाला हेडफोन लावून माइक बोटभर बोटभर हलव. गेन इतकाच ठेव की सगळ्यात जोरात मारलेला स्ट्रोकही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. २४ बिटला रेकॉर्ड करतोस ना, मग लाल दिव्याच्या काठावर जायचं कारण नाही. पावसाळ्यात लाकूड दमट होतं, म्हणून प्रत्येक टेकआधी सूर लावून घे.

इलेक्ट्रिकची तक्रार वेगळी आहे. तुझी गुणगुण आपल्या घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची आहे, आणि सिंगल कॉइल पिकअप ती अँटेनासारखी पकडतो. खुर्चीवर बसून गिटारसकट हळूहळू गोल फिर. एका दिशेला गुणगुण जवळजवळ विझेल, तिथेच बस. लॅपटॉपचा चार्जर काढ. केबल इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्येच लाव, नाहीतर आवाज मऊ, मेलेला येतो. गिटार कोरी रेकॉर्ड कर, अ‍ॅम्पचा रंग सॉफ्टवेअरमध्ये नंतर चढव. डिस्टॉर्शन तुला आवडतं त्याहून कमी ठेव आणि तोच भाग दुसऱ्यांदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाक. एकाच टेकची कॉपी करून तो भरीवपणा येत नाही.

आणि एक गुपित सांगतो. पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी. लोक वैतागतात, मी गिटार काढायचो. पंखे, पंप, मिक्सर, साऱ्या इमारतीची घरघर थांबते. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपवर. वारज्यातला याहून स्वस्त स्टुडिओ मला ठाऊक नाही.

साध्या खोलीतलं रेकॉर्डिंग काही नवं नाही. १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गनं कलकत्त्यात गायिका गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला तो एका हॉटेलच्या खोलीत. माइक नव्हता, गेनचं बटण नव्हतं. विजेचं ध्वनिमुद्रण यायला १९२५ उजाडलं. तोवर समोर एक भोंगा असायचा, आणि आवाज कमी-जास्त करायचा तर त्याच्या जवळ जायचं किंवा मागे सरायचं. १९८२ मध्ये गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं घरी बसून चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी कच्ची म्हणून टिपून ठेवली. नंतर बँड घेऊन तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, पण ती जादू काही परत येईना. शेवटी कॅसेटवरचीच ‘नेब्रास्का’ हा अल्बम म्हणून बाहेर आली. साधं यंत्र चांगलं असतं असं यातून काढू नकोस. त्याच्याकडे गाणी होती, आणि कुठलं ठेवायचं हे ओळखणारा कान होता.

म्हणून तुला एक काम देतो. तीच धून एका वितीवर, दोन वितींवर आणि हातभर अंतरावरून रेकॉर्ड कर. तिन्ही फाइली मला पाठव, कुठली कुठली ते लिहू नकोस. आधी तू स्वतः आठवडाभरानं, नावं न बघता, ओळखून दाखव. तुझं आणि माझं उत्तर जुळलं, की वीस हजारांतले निम्मे माझे.

फ्रिजमधली किल्ली विसरू नकोस.

तुझा,
मामा