लाख आणि लॅकर : नाव एक, वस्तू दोन

माझे वडील पुण्यात लाकडी सामानाला पॉलिश करतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात मारताना मी त्यांना लहानपणापासून पाहत आले आहे. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच.

गेल्या वर्षी एका गृहस्थांनी जुनी चिनी पेटी आणली. काळा चकचकीत रंग, झाकणावर शिंपल्याच्या तुकड्यांची फुले. "वरची लाख काढून नवी चढवा," ते म्हणाले. वडिलांनी तळाशी स्पिरिटचा बोळा फिरवला. लाख असती तर चिकट झाली असती. काहीच झाले नाही. "ही आपली लाख नव्हे," ते म्हणाले. मी शब्दकोश उघडून 'लॅकर' शब्द 'लाख'वरूनच आला, असे ठासून सांगितले. तरी त्यांनी मजुरी सोडून पेटी परत केली.

पुढे ग्रंथालयात वाचले, तेव्हा माझी चूक कळली. आपली लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरील कीटकांपासून मिळते. ती उष्णतेने वितळते, स्पिरिटमध्ये विरघळते आणि पेटही घेते. लाक्षागृहाची कथा आपणास ठाऊकच आहे. चिनी लॅकर हा मात्र एका झाडाचा चीक. त्याचे पातळ थर एकावर एक देतात. प्रत्येक थर दमट, उबदार हवेत प्राणवायू घेऊन घट्ट होतो. मग तो स्पिरिटला दाद देत नाही. शिंपल्याचा आतला चमकदार पापुद्रा कापून बसवतात, वर पुन्हा थर देतात आणि नक्षी उघडी पडेपर्यंत घासतात. वरचा थर काढला असता, तर फुलेही गेली असती.

नावाचा घोटाळा व्यापारातून झाला. संस्कृत 'लाक्षा' फारसी-अरबीमार्गे पोर्तुगीजांकडे 'लाक्रे' झाली आणि युरोपीयांनी तेच नाव चिनी वस्तूंना दिले. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांनाही इंग्रजीत लॅकरचे काम म्हणतात. त्यांवर परंपरेने लेप असतो तो लाखेचा.

अशी पेटी कोणाच्या घरी असल्यास उन्हात ठेवू नये. प्रकाशाने जुना थर कमजोर होतो. मग पाणी किंवा स्पिरिटही त्याला बाधते. स्वतः पुसण्यापेक्षा जाणकारास दाखवावी.

हे सारे मी वडिलांना वाचून दाखवले. ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले, हे ऐकताच त्यांनी विचारले, "मग तो चीक अंगावर उततो का गं?"

उततो. पुस्तकात तसेच लिहिले आहे.