जुन्या संगणकांतलें मराठी नव्या संगणकांत

घरांत नवा संगणक यावयाचा म्हटला म्हणजे सर्वांचें लक्ष त्याच्या वेगाकडे व पडद्याच्या रुंदीकडे लागतें. जुन्याची आठवण कोणास राहत नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विण्डोज १० या कार्यप्रणालीचें सर्वसाधारण पाठबळ संपलें, तेव्हांपासून तर पुष्कळ घरांना ही खरेदी करणें भाग पडलें आहे. विण्डोज ११ ला ६४ बिटांचा प्रोसेसर, निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणीची जागा आणि टीपीएम २.० नांवाची सुरक्षिततेची सोय लागते; चांगले चालते जुने संगणक या शेवटच्या अटीवर किंवा प्रोसेसरच्या वयावर अडतात. नवें यंत्र मांडणें हें कांहीं कठीण काम नव्हे. पडद्यावर येणाऱ्या सूचना शांतपणें वाचीत गेलें कीं तें चालूं होतें. कठीण आहे तें जुन्या यंत्रांत साठलेलें मराठी नव्यांत सुखरूप आणणें. आजोबांच्या आठवणी, आजीनें सांगितलेल्या व आईनें टंकून ठेवलेल्या ओव्या, गृहनिर्माण संस्थेचीं इतिवृत्तें, हें लेखन वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचें असेल, तर त्याच्या फाईली नव्या संगणकावर येतील खऱ्या, पण त्या वाचतां येतीलच असा भरंवसा नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं जुनें यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं करावा.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. लेख ही एक वस्तु, आणि तो लिहिण्याचा प्रोग्राम ही दुसरी. लेखाची फाईल पेन ड्राइव्हवर उचलून नेतां येते. प्रोग्रामाचें फोल्डर तसेंच उचलून नेलें तर तो बहुधा चालत नाहीं. कारण प्रोग्राम बसवितांना त्याचे कांहीं भाग विण्डोजच्या स्वतःच्या फोल्डरांत जातात व त्याच्या नोंदी रजिस्ट्री नांवाच्या वहींत होतात. झाड उपटून नेलें आणि मुळें जमिनींतच राहिलीं, तसा हा प्रकार. म्हणून प्रोग्राम मूळ तबकडीवरून अथवा निर्मात्याकडून घेऊन पुन्हा बसवावा लागतो. परवाना एकाच यंत्रापुरता असेल तर तो जुन्या यंत्रावरून आधीं सोडवून घ्यावा. यंत्र पुसून टाकल्यावर तें साधणें अवघड. मराठी अक्षरजुळणीचे कित्येक जुने प्रोग्राम तर एका लहानशा कुलपावर चालत. हें कुलूप संगणकाच्या पाठीमागील, प्रिंटरच्या रुंद खोबणींत बसवावें लागे. आणि तसली खोबण नव्या संगणकांना सहसा नसतेच.

दुसरी अडचण पिढीची. डॉसवर चालणारे व विण्डोज ३.१ साठीं लिहिलेले प्रोग्राम बहुतेक १६ बिटांचे होते. ६४ बिटांच्या विण्डोजवर ते चालत नाहींत. त्यानंतरचे ३२ बिटांचे प्रोग्राम पुष्कळदां चालतात. मात्र त्यांतील कांहींचा सेटअप, म्हणजे प्रोग्राम बसविणारा भाग, तेवढा १६ बिटांचा असे, त्यामुळें आंत येण्याजोगा पाहुणा दारांतच अडतो. डॉसच्या प्रोग्रामांसाठीं डॉसबॉक्स हें साधन विनामूल्य मिळतें. तें नव्या संगणकाच्या पोटांत जुन्या संगणकाचें सोंग उभें करतें.

आतां मुख्य गोष्ट. संगणक अक्षरें साठवीत नाहीं, अंक साठवितो. कोणत्या अंकास कोणतें अक्षर म्हणावयाचें हा केवळ करार असतो. जुन्या विण्डोजला देवनागरीचा असा करार ठाऊक नव्हता. तेव्हां फॉण्ट करणारांनीं युक्ति काढली, कीं इंग्रजी अक्षरांच्याच अंकांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवावे. उदाहरणार्थ, कृतिदेव या प्रसिद्ध फॉण्टांत इंग्रजी लहान लिपींतील डी च्या जागीं क, के च्या जागीं काना आणि ई च्या जागीं म आहे. आपण ‘काम’ हा शब्द लिहिला तर फाईलींत नोंदले जातात ते डी, के, ई यांचेच अंक. तो फॉण्ट असेपर्यंत डोळ्यांना ‘काम’ दिसतें. नव्या संगणकावर तो नसला कीं निरर्थक इंग्रजी अक्षरें दिसूं लागतात. त्यांतून प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी. फाईल बिघडली असें समजून ती पुसून टाकण्याचा मोह अशा वेळीं होतो. वास्तविक तींतला एकहि अंक हरवलेला नसतो.

ही अव्यवस्था मोडण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं इस्की हें मानक ठरविलें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत युनिकोडचा पहिला खंड निघाला. युनिकोडांत देवनागरीस २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा दिलेल्या आहेत. २३२५ म्हणजे क, मग फॉण्ट कोणाचाहि असो. विण्डोज २००० पासून ही सोय विण्डोजमध्यें आली. परंतु हाताला लागलेली जुनी संवय पुढेंहि पुष्कळ वर्षें टिकली.

यास्तव जुना फॉण्ट नव्या संगणकावर बसविणें हा तात्पुरता उपाय होय. त्यानें लेख वाचतां येईल, पण त्यांत मराठी शब्द शोधतां येणार नाहीं, कीं त्यांतला उतारा मोबाईलवरील निरोपांत चिकटवितां येणार नाहीं. खरा उपाय म्हणजे परिवर्तक प्रोग्रामानें तो युनिकोडांत आणणें. हें काम दिसतें तितकें यांत्रिक नाहीं. कृतिदेवासारख्या फॉण्टांत ऱ्हस्व वेलांटी, डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधीं टंकली जाई. युनिकोडांत ती उच्चाराप्रमाणें अक्षरानंतर येते. रफाराचें उलट : ‘कर्म’ लिहितांना तेथें म नंतर रफार, तर युनिकोडांत र आधीं. ही उलटापालट परिवर्तकास करावी लागते, आणि जोडाक्षरें दाट असलीं कीं तो कोठें कोठें चुकतो.

मराठीला विशेष धोका ‘ऱ्य’ चा. हिंदींत हें जोडाक्षर नसल्यामुळें हिंदीसाठीं केलेला परिवर्तक ‘दऱ्या’चें ‘दर्या’ करूं शकतो, आणि सह्याद्रीच्या खोऱ्यांत समुद्र शिरतो! ‘आचाऱ्यांना पैसे दिले’ याचें ‘आचार्यांना पैसे दिले’ झालें तर लग्नाच्या हिशेबवहींत स्वयंपाक कोणीं केला व पूजा कोणीं सांगितली याचाच घोटाळा व्हावयाचा. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम येथें उपयोगी नाहीं, कारण दोन्हीं शब्द शुद्धच आहेत. एकानें छापील प्रतीवरून मोठ्यानें वाचावें व दुसऱ्यानें पडद्यावर पाहावें, ही छापखान्यांतील मुद्रितें तपासण्याची जुनी रीतिच येथें उत्तम. वरच्या इयत्तेंतील मुलानें आजोबांच्या शेजारीं बसून करण्यासारखें हें काम आहे. मुलाला पडदा ठाऊक असतो, आजोबांना मजकूर.

आतां क्रमाविषयीं थोडेंसें. विक्रेता जुना संगणक घेऊन जावयास उतावीळ असतो, त्यास थांबवावें. जुनें यंत्र चालत आहे तोंवरच सर्व फाईली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याव्या, आणि त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. फाईलींबरोबर फॉण्टहि घ्यावेत. ते विण्डोजमधील फॉण्ट्स या फोल्डरांत असतात, आणि घाईंत नेमके तेच राहून जातात. महत्त्वाचे लेख जुन्या यंत्रावरूनच कागदावर छापून घ्यावे, म्हणजे ताडून पाहण्यास मूळ रूप हातीं राहतें. मग नव्या यंत्रावर फाईली एकेक उघडून पाहाव्या. यादींत नांव दिसलें म्हणजे लेख आला असें नव्हे. परिवर्तन पुरें झालें, वाचून झालें, तरीहि मूळ फाईल पुसूं नये. ती आणि तिचा फॉण्ट एकाच फोल्डरांत, फॉण्टचें नांव लिहून ठेवावीं. पुढें एखाद्या शब्दाविषयीं शंका आली, तर पाहावयास तेंच एक ठिकाण असतें.