५/१८ कुठून आलं? वेग, उंची आणि तापमान

घरीच एक छोटी चाचणी घेऊन बघा. मुलाला विचारा, ताशी ५४ किमी म्हणजे सेकंदाला किती मीटर? "५/१८ ने गुणायचं" हे पोरगं लगेच सांगेल. पण ५/१८ च का, असं विचारलं की गप्प! मग परीक्षेत गडबड होते, १८/५ ने गुणून १९४.४ लिहून मोकळे.

१ किमी म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ६० × ६० = ३६०० सेकंद. १०००/३६०० ला वर-खाली २०० ने भागा, ५/१८ उरतं. बस्स. म्हणून ५४ × ५/१८ = १५ मी/से. मी/से चा आकडा किमी/तासाच्या आकड्यापेक्षा नेहमी लहानच येतो, एवढं लक्षात राहिलं तरी १९४.४ वर पोरं स्वतःच हसतील.

आमच्या नाकाडोंगरीकडे हे गणित वहीपुरतं नाही. डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण जवळच, रस्त्याला ट्रक असतातच. रस्ता ओलांडायला समजा ४ सेकंद लागले, तर ताशी ५४ किमीने येणारा ट्रक तेवढ्यात १५ × ४ = ६० मीटर पुढे येतो. शाळेच्या मैदानात टेप लावून ६० मीटर मोजून दाखवा. "एवढ्या लांबचा पण येते का जी सर?" असं विचारतात मुलं. हो, येतो. सूत्र विसरलं तरी चालेल, हे अंतर डोळ्यात राहू द्या.

आता उंचीकडे वळू. वर गेलं की सूर्य जवळ, मग गरम का नाही होत? हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. सूर्य जमीन तापवतो, जमीन हवेला तापवते. चूल खाली आहे म्हणा ना. शिवाय वर हवा विरळ. म्हणून दर १००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं.

नागपूर साधारण ३१० मीटरवर, चिखलदरा १११८ मीटरवर. फरक ८०८ मीटर. ८०८ × ६.५ ÷ १००० म्हणजे सुमारे ५.३ अंश. नागपुरात ४४ असेल तर चिखलदऱ्यात ३९ च्या आसपास. जंगल, ढग, वारा यांनी आकडा थोडा हलतो, हे मुलांना सांगा. हिवाळ्यात पहाटे तर उलटंच होतं: जमीन लवकर गार पडते, धानाच्या बांध्यांवर थंडी साचते आणि थोडं वर हवा उबदार असते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात.

शेवटी दोन्ही धडे जोडणारं एक उदाहरण. विमान १०,००० मीटर उंचीवर ताशी ९०० किमीने जातंय, खाली ३०० मीटरवरच्या गावात ३० अंश आहे. वेग ९०० × ५/१८ = २५० मी/से. उंचीतला फरक ९७०० मीटर, म्हणजे तापमान सुमारे ६३ अंशांनी कमी: बाहेर उणे ३३. आता मुलांना विचारा, याच हिशोबाने ० अंश किती उंचीवर येईल?