नौकेच्या एंजिनातील ठिणगीची परीक्षा

सिहावाच्या डोंगरांत उगम पावणारी महानदी रायपूरच्या दक्षिणेस, धमतरीजवळ, गंगरेल धरणाने अडविली आहे. तेथील विस्तीर्ण जलाशयावर मोटारनौका चालतात. नौकेच्या मागील फळीस बाहेरून अडकविलेले एंजिन ऐन मध्यावर थांबले आणि वारा सुटला, तर नौका वाऱ्याच्या स्वाधीन होते. म्हणून वल्ही सोबत असावीतच. परंतु दोष कोठे आहे हे ओळखता आले, तर पुष्कळदा वल्ह्यांची गरज पडत नाही.

अशी एंजिने अमेरिकेत ओल एव्हिनरूड याने १९०९ च्या सुमारास लोकप्रिय केली. त्यांतील ठिणगीचे मूळ मात्र फॅरडेने १८३१ साली दाखविलेल्या विद्युत्-प्रवर्तनात आहे. फिरत्या प्रचक्रातील, म्हणजे कारागिरांच्या फ्लायव्हीलमधील, चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून जातो व त्यात प्रवाह उत्पन्न होतो. संपर्कबिंदू उघडताच तो प्रवाह एकाएकी तुटतो, आणि दुसऱ्या, अधिक फेऱ्यांच्या वेटोळ्यात दहा हजार व्होल्टहून अधिक दाब निर्माण होतो. हाच दाब प्लगच्या फटीत ठिणगी पाडतो. नव्या एंजिनांत संपर्कबिंदू नसतात. त्यांचे काम इलेक्ट्रॉनिक मंडल करते.

एंजिन सुरू होईना, तर प्रथम सुरक्षेची दोरी जागेवर आहे की नाही ते पाहावे. ही क्षुल्लक गोष्ट विसरून एंजिन उघडून बसणारे थोडे नाहीत! नंतर प्लग काढावा. तो कोरडा असेल, तर इंधन सिलिंडरात पोचत नाही असे समजावे व ठिणगीचा विचार पुढे ढकलावा. ओला असेल, तर इंधन येत आहे, पण पेटत नाही.

आता गिअर तटस्थ ठेवून, इंधनाची वाफ उडून गेल्यावर, प्लगचे धातूचे अंग एंजिनाच्या उघड्या धातूस घट्ट टेकवावे. मात्र सिलिंडरच्या छिद्रापासून दूर. विद्युत्-रोधक चिमट्याने धरून दोरी ओढावी. निळी, कडकडणारी ठिणगी दिसली तर उत्तम. पिवळी व क्षीण असल्यास ती दुर्बळ होय. इलेक्ट्रॉनिक एंजिनात तर प्लग धातूस न टेकवता दोरी ओढल्यास मंडलच बिघडू शकते.

दोन सिलिंडरांपैकी एकातच ठिणगी नसेल, तर प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगाबरोबर सरकला, तर प्लग बदलावा. सरकला नाही, तर त्या बाजूची तार किंवा वेटोळे संशयास्पद ठरते. दोन्हींत ठिणगी नसेल, तर बंद करण्याच्या बटणाची तार तात्पुरती सोडून पाहावी. ठिणगी परत आली, तर दोष बटणात किंवा त्याच्या तारेत आहे. ती दुरुस्त करून जोडल्याखेरीज पाण्यावर जाऊ नये, कारण एंजिन थांबविण्याचा मार्गच राहत नाही.

जुन्या एंजिनांत पावसाळ्यानंतर संपर्कबिंदूंवर करड्या रंगाचा थर चढलेला आढळतो. स्वच्छ, जाड कागद त्यांमधून ओढला असता तो निघतो. बिंदू जळून खोलगट झाले असतील, तर धारित्र, म्हणजे कंडेन्सर, तपासावा.

क्वचित ठिणगी चांगली, इंधनही पोचते, तरी एंजिन उलटे झटके देते. अशा वेळी प्रचक्राखालील चावी कापली गेली आहे काय ते पाहावे. ती तुटली की ठिणगी आपल्या वेळेपासून ढळते.