ग्रहणीत बिल्व : काय साधते, काय उरते

आधुनिक वैद्यकात इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणून ओळखला जाणारा विकार वातज ग्रहणीशी बराच जुळतो. तथापि दोन्ही एकच मानणे योग्य नव्हे. मलातून रक्त, वजन घटणे, ज्वर, पांडुता अथवा झोपेतून उठविणारे जुलाब असतील तर आधी तपासणी, मग चूर्ण.

या विकारावरील आपल्या औषधांची एक महत्त्वाची चाचणी बनारस हिंदू विद्यापीठात झाली व १९८९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाली. १६९ रुग्णांना सहा आठवडे बिल्व व ब्राह्मी यांचा योग, प्रचलित आधुनिक औषधे अथवा निरौषधी मात्रा देण्यात आली. उपशय अनुक्रमे ६४.९, ७८.३ व ३२.७ टक्के रुग्णांस मिळाला. द्रवमलप्रधान रुग्णांत आपला योग विशेष उपयुक्त ठरला; वेदनाप्रधान रुग्णांत आधुनिक औषधे सरस ठरली. हे आकडे आपण आवडीने सांगतो. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळच्या पाठपुराव्यात व्याधीचा पुनरुद्भव रोखण्यात दोन्ही उपचार निरौषधी मात्रेहून सरस ठरले नाहीत, हे क्वचितच सांगितले जाते. शिवाय औषधाविनाही तिघांतील एकास बरे वाटते. तेव्हा एका रुग्णाच्या वृत्तांतावरून ‘समूळ नाश’ लिहिणे धाडसाचे होय.

पुनरुद्भवाचे कारण चरकांनी ग्रहणीचिकित्सेत अग्नीशी जोडले आहे. दीपनगरसारख्या वीजकेंद्राच्या वसाहतीत पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते. त्यात रात्रपाळीपूर्वी तिखट शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. उडीद गुरू व बहुमल! अशा रुग्णास चूर्णापेक्षा जेवणाची ठरावीक वेळ सांभाळून देणे कठीण, पण खरे काम तेच. आहारात ज्वारीची साधी भाकरी आणि जिरे-सैंधव घातलेले ताजे, आंबट नसलेले ताक द्यावे. तक्र लघु, दीपन व ग्राही आहे.

औषधालयांसाठी दोन गोष्टी. बिल्व कच्चेच घ्यावे; पक्व फळ गुरू व दुर्जर असते. कुटजाच्या सालीत काळ्या कुड्याची भेसळ होते. पांढऱ्या कुड्याचे बी कडू, काळ्याचे कडू नसते. पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्या, तर काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या. वाळलेल्या सालीवरून हा भेद सहसा उमगत नाही. म्हणून साल काढणाऱ्याकडून त्याच झाडाच्या शेंगाही मागवून घ्याव्यात.