गर्भस्थ शिशूचा मेंदू आणि सोनोग्राफी

आमच्या रुग्णालयात कुटुंबीय वारंवार विचारतात, "तिसऱ्या महिन्यात सर्व ठीक होते, मग पाचव्यात पुन्हा सोनोग्राफी कशासाठी ?" प्रश्न रास्त आहे, खर्च व हेलपाटे त्यांनाच सोसावे लागतात.

कवटी न बनण्यासारखा गंभीर दोष ११ ते १४ आठवड्यांतही दिसू शकतो. परंतु मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा 'कॉर्पस कॅलोसम' हा पट्टा विसाव्या आठवड्याच्या सुमारास आकारास येतो. जे घडलेलेच नाही, त्यातील उणीव कशी दिसणार ? म्हणून १८ ते २० आठवड्यांची तपासणी चुकवू नये. तीत मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांची रुंदी मोजतात. ती १० मि.मी.पेक्षा कमी असावी; १५ च्या पुढची वाढ गंभीर समजतात. १० ते १२ मि.मी. असून अन्य दोष नसल्यास बहुसंख्य बालकांची वाढ पुढे चांगली होते. नुसता आकडा वाचून खचून जाणारी कुटुंबे पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पाठीच्या कण्यातील दोषाची चाहूलही डोक्यात लागते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील डॉ. किप्रोस निकोलायडिस व सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखविले की, अशा गर्भाची कवटी लिंबासारखी व लहान मेंदू केळ्यासारखा दिसतो. ही घरगुती नावे आमच्यासारख्या अवैद्यकीय मंडळींच्याही ध्यानात राहतात !

मात्र निर्दोष अहवाल म्हणजे हमीपत्र नव्हे. मेंदूवरील वळ्या अखेरच्या तिमाहीत ठळक होतात. त्यांतील काही दोष विसाव्या आठवड्यात दिसूच शकत नाहीत. बुद्धी वा स्वमग्नता तर कोणत्याच छायाचित्रात उमटत नाही. शंका उरल्यास तज्ज्ञ गर्भाचा एमआरआय सुचवितात.

दोष आढळल्यास समुपदेशनास अवधी हवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास २४ आठवड्यांनंतरही गर्भपातास कायद्याची मुभा आहे. तरीही तो निर्णय जितका उशिरा, तितका मातेस जड. गर्भाचे लिंग मात्र कोणीही विचारू नये. १९९४ च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे.

मेंदू व कण्याची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळदा मातेला दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. पूर्वी असे बालक झालेल्या स्त्रियांना फॉलिक ॲसिड दिल्याने पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केले. ही स्वस्त गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भधारणेपूर्वीच सुरू करावी.